बकुळाच्या लग्नातला लांब सूर

मी एक जुना बास आहे, आणि मित्रांनो, आधीच कबूल करतो, मला गाणं येत नाही. बँडमध्ये गाणं असतं ते क्लॅरोनेटकडे. लोक गुणगुणत घरी जातात ते त्याचे सूर. माझं काम त्याच्या खाली राहण्याचं. माझं खरं नाव युफोनियम, पण ते कुणाच्या जिभेवर धड बसत नाही. म्हणून वादक मला बास म्हणतात आणि लालबागच्या ज्या चाळीत माझी हयात गेली, तिथली मुलं भोंगा म्हणतात. पोट मोठं, तोंड वर आणि अंगावर बोटांनी दाबायचे तीन पिस्टन. असल्या रूपावर कोण भाळणार!

मेरठच्या एका गल्लीत पितळेचा पत्रा ठोकून ठोकून मला घडवलं. माझं एक वळण काही केल्या बसेना, तेव्हा कारागिराने मला मोजून शिव्या दिल्या होत्या. मग पेंढ्यात गुंडाळून मालगाडीने मी मुंबईला आलो. लोअर परळच्या एका कापड गिरणीने कामगारांचा बँड काढला होता. बँडचे मास्तर होते कमलाकांत. ते गिरणीच्या ऑफिसात हेडक्लार्क. गिरगावात ठाकुरद्वारला त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं घर, घरात पियानो आणि डोक्यात विलायती संगीताचं वेड. त्यांनी मला उचलून कोंडीरामच्या हातात दिलं, कारण सगळ्यांत रुंद छाती त्याची होती. क्लॅरोनेट मिळालं गुणाजीला.

कोंडीराम आणि गुणाजी साचेखात्यातले, म्हणजे कापड विणणारे. दोघांचे साचे, म्हणजे माग, शेजारी शेजारी. शेकडो साच्यांच्या खडखडाटात बोलणं ऐकू येतच नसे, म्हणून ते ओठ वाचत आणि हातांनी बोलत. तळहात छातीशी नेऊन हळूच पुढे केला की त्याचा अर्थ, 'नंतर सांगतो.' दिवसभर असं मुक्यानं बोलायचं आणि पाळी संपली की फुंकून फुंकून सगळी कसर भरून काढायची, असा त्यांचा क्रम होता.

पहिल्याच तालमीत माझ्या कोंडीरामने घोळ घातला. त्याचा जन्म भजनात गेलेला. भजनात बुवा वर गेले की सगळे त्यांच्यामागे वर जातात. त्यामुळे गुणाजी जी धून वाजवी तीच कोंडीराम माझ्यातून खालच्या पट्टीत जशीच्या तशी वाजवू लागला. मास्तरांनी हात वर केला. त्यांनी हात वर केला की सगळा बँड थांबे.

"कोंडीराम, तू त्याच्या मागे मागे का चालतोस?"

"मास्तर, दोस्त हाय माजा. त्याची साथ सोडू व्हय?"

मास्तर हसले. "साथ म्हणजे सावली नव्हे रे. दोघं एकाच पावलाने चाललात, तर ऐकणाऱ्याला दोन माणसं कळतच नाहीत, एकच जाडा माणूस चालल्यासारखा वाटतो. तो वर चढला की तू खाली उतर. तो खाली आला की तू वर सरक. उड्या मारू नकोस, जवळच्या पायरीवर पाय ठेव. तुमच्यामध्ये जागा झाली, तरच बाकीची वाद्यं तिथे उभी राहतील. मात्र शेवटच्या सुराला दोघांनीही घरी यायचं."

कोंडीरामला हे पटायला दोन महिने लागले. गुणाजी वर निघाला की त्याचीही बोटं ओढीने वरच जात आणि मास्तरांचा हात वर होई. पण एकदा ते जमलं, आणि मित्रांनो, काय सांगू! एक वर चाललाय, एक खाली येतोय, आणि तरी दोघं एकमेकांना सोडत नाहीत. माझ्या पितळेला तेव्हा पहिल्यांदा आपण कशासाठी जन्मलो ते कळलं.

मास्तरांनी मग या दोघांसाठी स्वतः एक धून बांधली. तिच्या मधोमध एक जागा होती. तिथे मी आठ मात्रा एकच सूर धरून उभं राहायचं आणि वर क्लॅरोनेटने मनसोक्त हिंडून यायचं. कोंडीराम कुरकुरला, "मी नुसता हुबाच?" मास्तर म्हणाले, "घरात कुणीतरी दार उघडं ठेवून बसतं, म्हणून दुसऱ्याला हिंडता येतं."

ही धून पहिल्यांदा वाजली ती कोंडीरामची मुलगी बकुळा हिच्या बारशाला. कौतुक अर्थातच क्लॅरोनेटचं झालं. माझं कौतुक उभ्या आयुष्यात एकदाच झालं, तेही मी नसताना. कोंडीराम तापाने पडला होता आणि गणपतीच्या मिरवणुकीत बँड माझ्याविना गेला. लोक म्हणाले, "आज बँड पोकळ वाजतोय." का, ते मात्र कुणाला सांगता येईना. असो. बारशाच्या दिवशी गुणाजीने पाळण्याशी वाकून शब्द दिला, "बकुळाच्या लग्नाक आमी दोघा हीच धून वाजवतलो. काय रे कोंड्या?" कोंडीरामने माझ्यातून एक सूर काढून होकार दिला. म्हणजे त्या शब्दात मीही बांधला गेलो.

मग ब्याऐंशी साल उजाडलं आणि गिरण्यांचा संप सुरू झाला. पहिले काही महिने दोघं खांद्याला खांदा लावून मोर्च्यांना गेले. दुसऱ्या वर्षी गुणाजीची बायको नलू अंथरुणाला खिळली. मुलं गावाला पाठवून झाली, भांडीकुंडी विकली गेली. एका सकाळी संप सोडून कामावर निघालेल्या काही कामगारांना पोलिसांच्या बंदोबस्तात गाडीतून गिरणीत नेलं. फाटकाबाहेर संपवाल्यांत कोंडीराम उभा होता आणि गाडीत खिडकीपाशी गुणाजी होता. त्याने तळहात छातीशी नेऊन हळूच पुढे केला. कोंडीरामने तोंड फिरवलं.

हे मी पाहिलं नाही. घरी येऊन कोंडीरामने बायकोला, गंगुबाईला सांगितलं तेव्हा ऐकलं. "त्यानं घात केला. आजपास्नं तो मला मेला," एवढं बोलून त्याने मला खिळ्याला टांगलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

पुढे ती गिरणीही बंद पडली. आत गेलेले आणि बाहेर राहिलेले, सगळे सारखेच रस्त्यावर आले. गुणाजी शीवला एका सोसायटीत वॉचमन झाला, कोंडीराम दादरच्या फुलबाजारात टोपल्या वाहू लागला. बँडमधले बाकीचे गावी गेले. नलू बरी झाली की नाही, हेदेखील कोंडीरामने कधी विचारलं नाही. माझे पिस्टन जागच्या जागी धरले, हलेनासे झाले. अंगावर हिरवट डाग चढले. गंगुबाई तशी प्रेमळ, पण दहा बाय दहाच्या खोलीत जागा वाया घालवणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिने मला खाली काढून कोपऱ्यात उभं केलं आणि माझ्या तोंडात कांदे ठेवायला सुरुवात केली. सहा-सात वर्षं मी कांदे सांभाळले. रडू आलं तर दोष कांद्यांवर ढकलता येई, एवढीच सोय.

एक्क्याण्णव साली बकुळाचं लग्न ठरलं. लग्नाआधी आठवडाभर ती मला चिंच लावून घासायला बसली. पिस्टनमध्ये गोडंतेल सोडून तिने ते मोकळे केले आणि घासता घासता माझ्याशीच बोलली, "शीवला जाऊन आले रे मी. पप्पांना नाही सांगितलं. गुणाजीकाकांना पत्रिका दिली. घेतली नि आत गेले."

हे गुपित पोटात ठेवून मी लग्नाची वाट पाहू लागलो.

चाळीच्या पटांगणात मांडव पडला. बकुळाच्याच आमंत्रणावरून कमलाकांत मास्तर आले, काठी टेकत, कोट घालून. त्यांना पुढच्या खुर्चीत बसवलं. अक्षता पडल्या आणि कोंडीराम मला घेऊन मांडवाच्या मधोमध उभा राहिला. गंगुबाई म्हणाली, "अवो, एकटे काय वाजवनार?" तो म्हणाला, "सबूद दिलाय. अर्धा तर अर्धा."

त्याने फुंकर मारली तशी माझ्या तोंडातून कांद्याची दोन सालं उडाली. पोरं खिदळली. पुढचं तर आणखीच हसण्यासारखं होतं. ज्या धुनेची वरची ओळच नाही, ती कुणाला कळणार? नुसतंच भोंप, भोंप. वराकडची मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कोंडीराम मात्र डोळे मिटून पायरी पायरी उतरत होता, वर कुणीतरी चढतंय असं धरून.

असं करत आम्ही लांब सुराच्या जागी आलो. आठ मात्रा. कोंडीरामने सूर धरला. आठ संपल्या. त्याने सोडला नाही. दहा झाल्या, बारा झाल्या. मानेच्या शिरा फुगल्या, माझं पितळ थरथरू लागलं. पोरांचं हसणं थांबलं. आता याचा श्वास तुटणार असं मला वाटलं, तेवढ्यात चाळीच्या जिन्याकडून क्लॅरोनेट वाजलं.

गुणाजी वॉचमनच्या खाकी शर्टातच आला होता. किती वेळ जिन्याखाली उभा होता कोण जाणे. सूर जरा फाटका लागला, पण लागला तो नेमक्या जागी. कोंडीरामने घाईने श्वास घेतला, डोळे उघडले नाहीत, फक्त ते वाहू लागले. धून शेवटाकडे चालली. गुणाजी वर चढू लागला. आता कोंडीरामने खाली उतरायचं. आणि मित्रांनो, पंचवीस वर्षांपूर्वीची ती पहिल्या तालमीतली चूक त्याने पुन्हा केली. त्याची बोटं ओढीने वर गेली आणि तो गुणाजीच्या मागे मागे, पावलाला पाऊल लावून चढत गेला.

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांचा हात काठीवरून उचलला गेला, अर्ध्यावर थांबला आणि पुन्हा काठीवर टेकला.

"चूक आहे," ते शेजारच्याला म्हणाले, "पण आज असू दे."

शेवटच्या सुराला दोघं घरी आले. गुणाजीने तळहात छातीशी नेला. तो पुढे करू न देता कोंडीरामने धरला आणि म्हणाला, "बोल आता. नलूवैनी कशी हाय?"

मित्रांनो, मास्तर गेले, कोंडीराम गेला त्यालाही बारा वर्षं झाली. खंडेनवमीला घरोघरी हत्यारांची पूजा होते, त्या दिवशी गुणाजी शीवहून आमच्या चाळीत येतो. आता ऐंशी ओलांडलीत त्याने. मला झेंडूचं फूल वाहतो, पिस्टनला तेल घालतो आणि खुर्चीत बसून आपली वरची ओळ वाजवतो. लांब सुराच्या जागी मात्र तो क्लॅरोनेट खाली ठेवून आठ मात्रा मुकाट बसतो.

तुमच्या घरी एखादं जुनं वाद्य असेल तर त्याच्या तोंडात कांदे ठेवू नका. महिन्याला दोन थेंब तेल द्या. एकदा धरलेले पिस्टन सोडवायला फार जोर लागतो, आणि धरलेल्या अबोल्याचंही तसंच आहे. पण खरी विनंती वेगळीच आहे. तुमच्यापैकी कुणाची छाती जरा रुंद असेल, तर या खंडेनवमीला लालबागला या. अख्खी धून शिकायची गरज नाही. तो एक सूर आठ मात्रा धरा, म्हणजे गुणाजीला हिंडून येता येईल.