चार फुटांची माया

सकाळी दुकान उघडायला गेले तो भिंतीवर लाल रंगाचा बाण, आणि शेषगिरींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चामराजपुरमच्या या दुकानात त्यांनी चाळीस वर्षं कपडे शिवले. बाण सांगत होता, उंबऱ्यापासून पाच फूट आत पाडायचं. नेमकं तिथंच कटिंगचं टेबल. ते गेलं तर शिंप्यानं कापड काय मांडीवर घेऊन कापायचं?

म्हैसूर मोठं करायचंय म्हणे! रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना काचेची दुकानं, वर दिव्यांच्या माळा. करा बापडे. पण माप तरी सरळ घ्याल की नाही?

त्याचं असं झालं. शेषगिरींचे वडील वेंकोबा, त्यांनी दुकान बांधताना स्वतःच्याच जागेतले चार फूट पुढं मोकळे सोडले. शिंपीच ते! अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून शिवणीत जास्तीचं कापड दाबून ठेवतात, त्याला आपण माया म्हणतो. कापड असो की जागा, माया सोडावी, असं वेंकोबा म्हणायचे. त्या चार फुटांत बाक आला, पाण्याचं मडकं आलं, बसची वाट बघणारी माणसं येऊन टेकू लागली. शेजारचं मोबाईलचं दुकान मात्र कानामागून आलं आणि तिखट झालं. त्यानं भिंत पार गटारापर्यंत पुढं ओढली, आणि कुणी ब्र काढला नाही.

दहा वाजता इंजिनियर रक्षित टेप घेऊन आला. शेषगिरींनी जागेचं खरेदीपत्र त्याच्या हातात ठेवलं. त्यानं ते नीट वाचलंसुद्धा. मग कन्नडात समजावू लागला की कागद बरोबर आहे, पण तुमच्या चार फुटांवरून लोक इतकी वर्षं चालले, आता तो रस्ताच धरायचा. हुकूम आहे, प्रत्येकाच्या भिंतीपासून पाच फूट. म्हणजे शेजाऱ्याचं जाणार ते रस्त्यातलं चोरलेलंच. शेषगिरींचे सोडलेले चार गेलेच, वर दुकानातले पाच. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

तेवढ्यात त्यांचं लक्ष रक्षितच्या पँटीकडे गेलं. त्यांच्याच हातची. लग्नानंतर पोट सुटलं म्हणून मागच्याच महिन्यात तो ती सैल करून घेऊन गेला होता.

"रक्षित सार," ते म्हणाले, "या पँटीत मी दोन इंच माया सोडली होती, म्हणून ती आज तुमच्या अंगावर आहे. सोडलेलं कापड तुमचं नाहीच, असं मी म्हटलं असतं तर?"

रक्षितनं मान खाली घातली. "काय करू स्वामी, माझ्या हातात काही नाही," असं पुटपुटत त्यानं वहीत पाच फूट लिहिले. जाताना मडक्यातलं पेलाभर पाणी पिऊन गेला. लाज कशी वाटत नाही यांना!

शेषगिरी तरातरा आत आले आणि समोर होतं ते कापड ओढून दात खात कात्री चालवू लागले. थोड्या वेळानं त्यांची बायको शांताक्का कॉफी घेऊन आली. तिनं कापलेले तुकडे हातात घेऊन पाहिले. कात्री बरोबर खडूच्या रेघेवरून गेली होती.

"माया कुठंय?"

"नाही सोडली. सोडली की लोक रस्ता समजतात."

शांताक्कानं पेला टेबलावर ठेवला. "हा पावनीचा शाळेचा स्कर्ट आहे हो. नात वाढायचीय अजून."

वड्याचं तेल वांग्यावर म्हणतात ते हेच. शेषगिरींनी तुकडे पुन्हा खडूच्या रेघेला लावून पाहिले. मग खाली बसून टेबलाखालच्या दोन इंची पट्ट्या एकेक करून गोळा केल्या. त्या आता कुठंच जोडता येणार नव्हत्या.