पूजेला बसलेली हत्यारं

महाडला शरदभाऊंच्या गॅरेजात हर्षद डेंटर होता, आणि डेंटर म्हणजे काय असातसा? कशेडी घाटात चेपून आलेली मारुती त्याच्या हाताखालून गेली की खुद्द मालकाला शोधून सापडायचं नाही, नेमकं ठोकलं होतं कुठं! पण नाव व्हायचं शरदभाऊंचं. "शरदभाऊंकडे टाका गाडी, नवी करून देतात," असं कुणी म्हटलं की हर्षदचं डोकं सणकायचं. तरी तो पुन्हा पत्र्यावर वाकायचा. करतो काय? बाप गेला तेव्हा याच शरदभाऊंनी त्याला कामाला ठेवून घेतलं होतं आणि हातात हातोडी दिली होती.

म्हणून मग त्यानं गुपचूप स्वतःची हत्यारं जमवायला घेतली. पोलादपूरला हायवेला लागून भागोजीमामाची शेड रिकामी पडली होती. "दसरा होऊ दे, मग मांड तुझं दुकान," मामा म्हणाला होता. आता डेंटरच्या दुकानाला काय लागतं? निरनिराळ्या तोंडांच्या हातोड्या लागतात. पत्र्याच्या मागून टेकवायचे लोखंडी ठोकळे लागतात, त्यांना डॉली म्हणतात. चेपलेलं ओढायला चेनकप्पी हवी, गॅस वेल्डिंगचं सामान हवं, रंग मारायची गन हवी. मुंबईच्या बाजारातून एकेक वस्तू पारखून आणली पठ्ठ्यानं. कुडपणला घरी माळ्यावर गोणपाटात बांधून ठेवली आणि आईला, राहीबाईला, बजावलं, "कुणापाशी बोलू नको गो." एकही हातोडी त्यानं वापरली नव्हती. पहिला ठोका आपल्या दुकानात मारायचा, असं त्याच्या मनानं घेतलं होतं.

खंडेनवमीला गॅरेज धुऊन काढलं, चादर अंथरली, हत्यारं पुसून मांडली. त्या गॅरेजचा एक रिवाज होता, शरदभाऊंच्या वडिलांपासूनचा. इथं पूजेला बसलेलं हत्यार इथलंच. ते दुसरीकडे नेलं तर नेणाऱ्याच्या हाताचं यश जातं. नव्या कारागिरांना हर्षदच हे सांगायचा, आणि गंमत म्हणजे त्याचा त्यावर विश्वासही होता.

हर्षद झेंडूची माळ ओवत होता तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. आतून राहीबाई उतरली, नवं लुगडं नेसलेली. मागून भागोजीमामा, आणि मामाच्या खांद्यावर ते गोणपाट! हर्षदच्या हातातली माळ खाली पडली.

"आये, हे काय केलंस?"

"काय केलं म्हंजे? कोऱ्या हत्याराला पूजा लागते रे! शरदभाऊंनीच भागोजीकडं निरोप धाडला, हत्यारं घेऊन या म्हणून. देवमाणूस हो!"

त्यानं मामाकडे पाहिलं. मामा जमिनीकडे बघत होता. बाजारात शरदभाऊंनी सहज विचारलं आणि हा बाबा सगळं ओकून बसला होता, दुसरं काय!

शरदभाऊ हसत पुढे आले. त्यांनी स्वतःच्या हातानं गोणपाट सोडलं, एकेक हातोडी कौतुकानं उचलून चादरीवर ठेवली.

"वा हर्षद, काय पारख आहे तुझी! मला एका शब्दानं बोलला नाहीस."

"भाऊ, ती पूजेला मांडू नका. ती मी..."

"माहीत आहे मला," शरदभाऊ हळूच म्हणाले. आवाजात राग नव्हता. "तुझ्या मनातलं मी ओळखणार नाही का?"

शेजारचे दुकानदार जमले होते. राहीबाई हात जोडून उभी होती. 'नको' म्हणावं तर आईची शोभा होणार, आणि सगळं महाड म्हणणार, ज्यानं वाढवलं त्यालाच उलटला. हर्षदच्या डोळ्यांदेखत प्रत्येक हत्याराला हळदकुंकू लागलं. त्याला ओरडावंसं वाटत होतं. घंटा मात्र तोच वाजवत होता.

आरती झाल्यावर शरदभाऊंनी पेढे वाटले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "भागोजींची शेड मी घेतली बरं का. पोलादपूरला आपली दुसरी शाखा. तिथं हर्षद बसेल. हत्यारं हीच, शेवटी शाखा म्हणजे आपलीच जागा. कंप्रेसर मी देतो."

राहीबाईच्या डोळ्यांना धार लागली. "पाया पड रे," ती म्हणाली. "सगळं तुझ्या मनासारखं झालं!"

तो पाया पडला.

दिवाळीच्या सुमारास शेड सुरू झाली. जागा तीच, हातोड्या त्याच, मुहूर्तही तोच, दसऱ्यानंतरचा. एकदा उमरठचा एक शिक्षक जीप घेऊन आला. काम झाल्यावर बॉनेटवरून हात फिरवत राहिला, मग म्हणाला, "काय हात आहे हो तुमचा! स्वतःचं दुकान का नाही टाकत?"

हर्षदनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं फडकं उचललं.

"हाय की," तो म्हणाला. "शरदभाऊंचं हाय."