चहा उतरेपर्यंत तीन शब्द

मास्तरांना सुटलं तरच कोडं छापायला जायचं, हा त्या घरातला कायदा. तो सुनेनंच केलेला, आणि शेवटी तिच्याच मानेवर बसला.

सून एका दैनिकाला रोजचं शब्दकोडं द्यायची. कोडं दिसायला सरळ: इतक्या अक्षरांचे इंग्रजी शब्द शोधा, त्यांत ही दोन अक्षरं हवीतच. बसून बघा म्हणजे कळेल, चांगल्या चांगल्यांच्या तोंडाला फेस येतो. सासरे शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे आख्ख्या गल्लीत ते मास्तर. घरात ते परीक्षक होते. सकाळी सून जुन्या पाकिटाच्या पाठीवर अक्षरं लिहून त्यांच्यापुढे सरकवायची आणि चहाचं आधण ठेवायची. चहा उतरेपर्यंत तीन शब्द सापडले तर कोडं बेताचं. पाणी तापायच्या आत सापडले तर फार सोपं, चहा गाळून झाला तरी नाही सापडले तर फार अवघड. दोन्ही वेळा अक्षरं बदलायची. वाचकांना हे माप बरोबर बसलं होतं, आणि मास्तरांनाही दिवसाची सुरुवात काहीतरी कामानं झाल्यासारखी वाटायची.

लग्न होऊन आली तेव्हा सुनेचं इंग्रजी यथातथाच होतं. मास्तरांनी तिला याच टेबलावर शिकवलं, आणि तिच्या एकाही चुकीला ते हसले नाहीत. ही गोष्ट ती विसरली नव्हती. इथंच सगळं अडलं.

थंडी सुरू झाली त्या सुमाराला एकदा पाच अक्षरी शब्द होते, त्यांत 'जे' आणि 'के' हवे होते. मास्तरांनी एक शब्द लिहिला, बराच वेळ पेन्सिल चावली, आणि खाली पुन्हा तोच शब्द लिहिला. सुनेनं अक्षरं बदलली. त्यात काही वावगं नव्हतं, कायदाच तसा होता. पण पुढं हे वरचेवर व्हायला लागलं आणि दर वेळी मास्तरांचा चेहरा एवढासा व्हायचा. तो चेहरा सुनेला बघवेना. मग ती आधीच सोपी अक्षरं काढायला लागली. तेही जड जातंय असं दिसलं, की गॅस हळूच बारीक करायची. एकदा तर उकळी यायच्या बेतात तिनं त्यात गार पाणी ओतलं. असला चहा त्या घरात कुणी कधी प्यायला नसेल, पण मास्तर घोट घेत खुशीत म्हणाले, "काय सूनबाई, आज चहा उतरायच्या आधीच उरकलं की."

घरात सगळं गोड चाललं होतं. वाचकांनी मात्र बोंब ठोकली. एकानं लिहिलं, दुसरीतली नात दात घासता घासता कोडं सोडवते, तेव्हा तिच्यासाठी वेगळं काही असेल तर पाठवावं. संपादकबाईंचा फोन आला. त्या बोलायला गोड, पण हिशेबाला चोख.

"तुमची तब्येत बरी आहे ना?"

"बरी आहे."

"मग कोड्याला काय झालंय? सोमवारी मला पूर्वीसारखं कोडं हवं. राशिभविष्यवाले कधीचे जागा वाढवून मागताहेत, ती जागा त्यांना द्यायची वेळ माझ्यावर आणू नका."

कोडं हे सुनेचं स्वतःचं असं एकच काम होतं. ते गेलं असतं तर ती मनातून खचली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मास्तरांना एक दाखवावं आणि पेपरात दुसरं द्यावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण पेपर हातात पडला की मास्तर आधी कोड्याचं पान उघडत. तिनं नवऱ्याला विचारलं.

"सांगून टाक की," तो म्हणाला.

"वडील तुझे आहेत, तू सांग."

त्याला एकाएकी ऑफिसला उशीर झाला.

रविवारी सकाळी तिनं पाकिटावर लिहिलं: सात अक्षरी, 'क्यू' आणि 'झेड' दोन्ही हवेत. आधण ठेवलं, गॅस मोठाच ठेवला. पाणी उकळलं, पत्ती पडली, चहा उतरला. मास्तरांनी काही लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. तिनं कप पुढ्यात ठेवला. चहावर साय धरली तरी ते वर बघेनात. सून ओट्याशी एकच भांडं पुसत उभी राहिली. तिला रडू येत होतं.

शेवटी मास्तरांनी पाकीट तिच्याकडे सरकवलं.

"सांग बघू एखादा."

"स्क्वीझ," ती म्हणाली.

"स्क्वीझ." त्यांनी बोटांवर अक्षरं मोजली. "बरोबर आहे. पाचवीच्या पोरांना शिकवायचो हा शब्द." मग म्हणाले, "कधीपासून सोपी घालते आहेस?"

"थंडी सुरू झाली तेव्हापासून."

ते रागावतील असं तिला वाटलं होतं, किंवा हसण्यावारी नेतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही.

"तेव्हा मी फार घाबरलो होतो," ते म्हणाले. "शब्द आठवेनात. कोपऱ्यावरच्या वाण्याला कुठल्या नावानं हाक मारतो तेही एकदा आठवेना. डॉक्टरांकडे जायचं ठरवलं होतं मी, तुम्हाला कुणाला न सांगता. वेळसुद्धा घेतली होती. आणि नेमकी कोडी सुटायला लागली. म्हटलं, फुकट घाबरलो. गेलोच नाही मग."

सुनेनं भांडं खाली ठेवलं. म्हाताऱ्याचं मन राखतेय असं समजून तिनं इतके दिवस जे केलं होतं, ते आता तिच्यासमोर बसलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

"नाना, चुकलं माझं."

"चुकलं खरं," मास्तर म्हणाले, वर्गात म्हणत असतील तसं, आवाज न चढवता. "हे कोडं चांगलं आहे, हे पाठव. मला दाखवायचं आता बंद कर. आणि फोन लाव डॉक्टरांना."

रविवार असूनही दवाखान्यात कुणीतरी फोन उचलला. नाव विचारलं, वय विचारलं, मग त्रास कधीपासून आहे ते विचारलं.

"आमच्या आजच लक्षात आलं," सून म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. "खरं सांग. औषध त्यावर ठरणार आहे."

सुनेनं पलीकडच्या माणसाला पहिल्यापासून सगळं सांगितलं.