ऐकायचा वर्ग

केस कापताना गप्प बसलो की गिऱ्हाईक बावचळतं, म्हणून दुकानात दिवसभर माझ्या तोंडाचा पट्टा चालू असतो. घरी आलो तरी तोच. बायको गेल्यापासून तर जास्तच, कारण गप्प बसलं की घर खायला उठायचं. मुलगी तेरा वर्षांची. ती मान खाली घालून जेवायची, ताट धुवायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची.

शेवटी मेहुणीने तोंडावरच सांगितलं, "पोरगी तुमच्याशी दोन शब्द बोलत नाही. या सुट्टीत तिला माझ्याकडे नेते, कायमची." वस्तीच्या सभागृहात पालकांचा वर्ग चालायचा, तिथे नाव घातलं. मुलीला बोलतं करायचं आणि ठेवून घ्यायचं, एवढाच माझा स्वार्थ.

शिकवणाऱ्या ताईंचा नियम साधा होता. मुलाच्या मनात काय असेल ते एका वाक्यात म्हणायचं आणि मूल बोलेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही. उपदेश नाही, विनोद नाही, विनवण्या तर नाहीतच. सरावात मी दर वेळी नापास. मुलगी म्हणून माझ्यासमोर बसलेला मिशीवाला बस ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "अहो बाबा, मला बोलू तरी द्या!" सगळा वर्ग खो खो हसला.

एका रविवारी जेवताना मी म्हटलं, "तुझ्या मनात काहीतरी साचलंय, असं वाटतंय मला." आणि जीभ दाताखाली धरली. ताटातलं गार झालं तरी धरून ठेवली.

"मला मावशीकडे राहायचंय," ती म्हणाली. "इथे आईची फार आठवण येते. आणि तू इतका बोलतोस बाबा, की मला धड रडताही येत नाही."

माझ्या ओठांवर नको नको ते आलं. 'जाऊ नकोस' हे सगळ्यांत आधी. मी फक्त विचारलं, "अजून?"

"तू एकटा पडशील म्हणून सांगत नव्हते."

मग ती रडली आणि बोलत राहिली. आईबद्दल, शाळेबद्दल, तिला न आवडणाऱ्या माझ्या चपलांबद्दलसुद्धा. माझी मुलगी इतकं छान बोलते, हे मला माहीतच नव्हतं.

सुट्टी लागली तेव्हा तिची बॅग मीच मावशीकडच्या गाडीत चढवली.

पुढच्या वर्गात ताईंनी विचारलं, "कोणाकोणाची मुलं मनातलं बोलली?" मी हात वर केला. टाळ्या वाजल्या. बस ड्रायव्हरने उठून माझी पाठ थोपटली.

"आता रोज गप्पा रंगत असतील घरी!" तो म्हणाला.

"हो, रंगतात ना," मी म्हणालो.