उजवा वळसा

मी आता जे सांगणार आहे ते तुम्हाला खरं वाटणार नाही. वाटूही नये. मोताळा तालुक्यात माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. नांदुऱ्याच्या स्टेशनात मी एकदा नुसता खाकरलो आणि मालगाडी थांबली, आमच्या धरणातला एक कटला मासा मी नावाने हाक मारली की काठाशी येऊन तोंड उघडायचा, असं मी चाळीस वर्षं सांगत आलो आहे. लोक हसतात, चहा पाजतात, पुन्हा सांगा म्हणतात. 'थापाडे आबा' हे नाव मला गावानेच ठेवलं. माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर तेवढं नारायणराव होतं.

पण सुवर्णाची गोष्ट खरी आहे. भाजी विकणाऱ्या बाईची ही पोरगी सत्तावीस वर्षं पाण्यात राहिली, देशाची टोपी डोक्यावर घालून परमुलखात पोहली, आणि शेवटी जेव्हा तिला आपल्याच तालुक्यात कोणी विचारलं की बाई, तू आहेस कुठली, तेव्हा साक्षीला गावात एकच माणूस उरला होता. मी.

सुरुवात माझा दोस्त चिंतामण याच्या मळ्यातल्या विहिरीपासून. गोल, दगडी, गुडघाभर कठड्याची विहीर. आमच्याकडे पोहायला शिकणं म्हणजे पाठीला गोडेतेलाचा रिकामा डबा बांधायचा, कमरेला कासरा, त्याचं टोक काठावरच्या माणसाच्या हातात, आणि धप्पकन खाली. विहिरीत सरळ पोहता येत नाही. चार हात मारले की समोर दगड. म्हणून गोल फिरायचं. त्यातही आमच्या गावची रीत अशी की विहिरीत उलटं फिरायचं नाही. विहिरीच्या पोटात साती आसरा, पाण्यातल्या देवता, राहतात, त्यांना प्रदक्षिणा घालावी तसं उजवं वळण धरायचं. डावीकडून फिरणाऱ्याला म्हातारी माणसं वरून शिव्या घालायची. त्यामुळे आमच्या गावचा कोणताही माणूस मोठ्या पाण्यात सोडा, तो आपोआप उजवीकडे वळत जातो. चिंतामण धरणात पोहायला उतरला, तर थोड्या वेळाने जिथून निघाला तिथेच येतो.

सुवर्णा सहा वर्षांची असेल. तिची माय सोजराबाई मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन बाजार करायची. बाप पोरगी रांगत असतानाच गेला होता. एके दिवशी पोरगी विहिरीच्या पायरीवरून घसरली. झालं! मी धोतर खोचलं आणि मारली उडी. पाणी असं उडालं की काठावरची म्हैस न्हाऊन निघाली. पोरीला वर काढलं आणि म्हणालो, "आता रोज यायचं." तेव्हापासून चार वर्षं मी तिला त्या विहिरीत शिकवलं. सोजराबाई बिचारी काठावर उभी राहून पदर चावायची.

दहाव्या वर्षी पोरगी शाळेकडून जिल्ह्याच्या स्पर्धेला गेली. तिच्याकडे पोहण्याचा पोशाख नव्हता, भावकीतल्या पोराची चड्डी आणि बनियान घालून ती उतरली आणि सगळ्यांच्या दोन हात पुढे पोचली. तिथे पुण्याहून आलेले एक सर होते. त्यांनी विचारलं, "पोहायला कुठे शिकलीस?"

ती म्हणाली, "पवाले? हिरीत."

सर हसले आणि तिला पुण्याच्या वसतिगृहात घेऊन गेले. सोजराबाईने तिच्यासोबत सातूचं पीठ बांधून दिलं, ते वसतिगृहाच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी फेकून दिलं. पहिल्या वर्षी तिने 'हो'ऐवजी 'हाव' म्हटलं की पोरी लोळून हसायच्या. तिने बोलणं कमी केलं. मग हळूहळू त्यांच्यासारखं बोलू लागली.

पाण्यात मात्र बोलावं लागत नाही. चौदाव्या वर्षी राज्यात पहिली. सोळाव्या वर्षी देशात पहिली, चारशे मीटरमध्ये. पुढे नऊ वेळा देशात पहिली. हे नऊ मी फुगवून सांगत नाही, फुगवायचं असतं तर मी नव्वद सांगितलं असतं. पेपरात एकदा फोटो आला, त्यात गावाचं नाव चुकीचं छापलं. दुसऱ्यांदा आला त्यात तिचं.

पण त्या उजव्या वळणाने तिचा घात केला. तलावात प्रत्येकाच्या वाटेला दोन्ही बाजूंनी तरंगत्या दोऱ्या असतात, आणि तळाला सरळ काळी रेघ. सर ओरडायचे, "रेघ बघ!" ती बघायची. सात फेऱ्या रेघेवर तंतोतंत. आठव्या फेरीला दम संपला की डोकं रेघ विसरायचं आणि अंग विहिरीत जायचं. उजवा हात दोरीला घासायचा. एवढंसं. सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या पात्रतेला ती चौदा शतांश सेकंदांनी राहिली. टिचकी वाजवा, तिच्यापेक्षाही कमी. चार वर्षं पहाटे चारला उठून पुन्हा गेली, तेव्हा एकतीस शतांशांनी राहिली. त्यानंतर उजवा खांदा गेला. दोनदा कापला, दोनदा शिवला. तिशीनंतरही ती पोहत होती, कारण दुसरं काही येत नव्हतं. नोकरी देतो म्हणणाऱ्यांनी ती जिंकत होती तेव्हा फोटो काढले, आणि अर्ज घेऊन गेली तेव्हा वय विचारलं. मग एका क्लबात श्रीमंतांच्या पोरांना पाण्यात तोंड घालायला शिकवलं. तो क्लबही बंद पडला.

सोजराबाई गेली तेव्हा सुवर्णा परगावी शिबिरात होती. दुसऱ्या दिवशी पोचली. राख थंड झाली होती.

सदतिसाव्या वर्षी ती गावात परत आली, एक बॅग आणि वाकडा खांदा घेऊन. त्याच्या दोन वर्षं आधी तालुक्याला पोहण्याचा नवा तलाव बांधून झाला होता. तोवर त्यात पाणीच नव्हतं, लोक सोयाबीन वाळवायचे. (मी सांगत असतो की सुवर्णा त्या सोयाबीनमध्येही पन्नास मीटर पोहून दाखवते. ते खरं नाही.) शेवटी पाणी सोडलं आणि प्रशिक्षकाची एक जागा निघाली. पात्रता काय, तर पोहण्याचं प्रमाणपत्र आणि तालुक्याचा रहिवास. दोनच अर्ज आले. एक सुवर्णाचा, दुसरा तलावाच्या समितीच्या अध्यक्षांचा भाचा हरिओम याचा. हरिओमने सहा दिवसांचा कोर्स केला होता, त्यातले दोन दिवस त्याला सर्दी होती. पण त्याने हरकत घेतली की बाई इथली नाही.

आणि कागदावर ती खरंच इथली नव्हती. जन्म आजोळी, जालन्याकडे. आधारवर पुण्याचा पत्ता. आमच्या शाळेचं त्या वर्षांचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. घर पडलेलं, मतदार यादीत नाव नाही. तहसिलातून सांगितलं, मंडळ अधिकारी गावात येऊन चौकशी करतील, जुन्या माणसाचा जबाब घेतील.

जुनी माणसं मोजली. विहिरीवर त्या काळात येणारे तिघं वर गेले होते. चिंतामण आता गावात असला तरी सुवर्णा शिकली त्या वर्षांत सुरतेला कामाला होता. राहिलो मी.

सुवर्णा आदल्या दिवशी माझ्या ओट्यावर येऊन बसली. खांद्याला बाम चोळत होती.

"आबा, उद्या फक्त तुम्ही पाहिलं तेवढं सांगायचं."

"म्हंजे काय? मी काय खोटं बोलतो काय?"

ती हसली. आल्यापासून पहिल्यांदा हसताना पाहिलं. "आबा, मी लहान होते तेव्हा तुम्ही मला सांगितलं होतं की चंद्रावर तुमची दोन एकर कापसाची पऱ्हाटी आहे."

"बोंडअळीनं गेली ती."

"आबा." तिने हसणं थांबवलं. "ही जागा गेली तर मला पाण्याजवळ राहायला दुसरीकडे कुठे जागा नाही. मी इथल्या पोरींना शिकवीन. सरळ शिकवीन. तेवढंच सांगा, घडलं तेवढंच."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी अकराला ग्रामपंचायतीत अर्धं गाव जमलं. जबाबासाठी नाही, थापाडे आबा सरकारला काय सांगतो ते ऐकायला. मंडळ अधिकारी अनुपमा मॅडम, चष्मा, बारीक आवाज, समोर कागद. पंचायतीचा शिपाई शेखर त्यांना खुर्ची पुसून देत होता. हरिओम दाराला टेकून मोबाईल बघत होता. सुवर्णा खिडकीपाशी.

मॅडमनी आधीच सांगितलं, "आजोबा, हा शपथेवरचा जबाब आहे. तुमच्याबद्दल मला येतानाच दोघांनी सांगितलंय. एक गोष्ट जरी खोटी निघाली, तरी मी सगळा जबाब बाद धरीन. दुसरा साक्षीदार नाही, म्हणजे चौकशी तिथेच संपली. कळलं?"

"कळलं बाई."

"थापा मारू नको बे नाऱ्या," मागून चिंतामण म्हणाला. "पोरीच्या पोटावर पाय येईन."

मी सांगायला लागलो. आणि खरं सांगतो, खरं सांगणं फार सोपं निघालं. विहीर सांगितली, डबा सांगितला, कासरा सांगितला. हरिओम म्हणाला, "मॅडम, हे कोनाचंही सांगता येते. पाच गावच्या पोरायचं बालपण असंच हाय."

तेव्हा मला सुचलं. मी सुवर्णाला म्हणालो, "पोरी, तुह्या मोबाईलात ती शर्यत हाय ना? दाखव बाईले."

तिला दाखवायचं नव्हतं. हरलेली शर्यत कोण दाखवतं? पण तिने लावली. चौदा शतांशांची. मॅडमनी बघितली, शेखरने मान घालून बघितली.

"आता शेवटची फेरी पाहा," मी म्हणालो. "सगळ्या बायका नाकासमोर चालल्या. आमची कुठी चालली?"

"उजवीकडे जातेय," मॅडम म्हणाल्या.

"काऊन? पुण्याच्या मोठमोठ्या सरायले ते समजलं नाही. आमच्या हिरीत उजवंच फिरतात, उलटं फिरू देत नाहीत. तिथं शिकलेला मानूस मरेपर्यंत उजवाच जाते. या चिंतामणले सोडा तलावात."

"हाव, मॅडम," चिंतामण म्हणाला. "मीबी तसाच जातो. धरनात मले बायको म्हनते, येता का इकडं, का तिकडंच चक्कर मारता."

लोक हसले. मॅडमही हसल्या. पण मोबाईल त्यांनी पुन्हा मागे नेला आणि ती शेवटची फेरी परत पाहिली, मग सुवर्णाकडे पाहिलं, तिच्या वाकड्या खांद्याकडे पाहिलं. "म्हणजे या विहिरीमुळे तुमची..." असं म्हणता म्हणता त्या खाली मान घालून लिहायला लागल्या. हरिओमने मोबाईल खिशात घातला. सुवर्णाने खिडकीच्या गजावरचा हात काढला. जागा तिची झाली होती. खोलीतल्या प्रत्येकाला ते कळलं होतं.

आता तुम्हीच सांगा. सत्तर वर्षांत पहिल्यांदा माझं बोलणं कोणीतरी निळ्या शाईने लिहून घेत होतं. मी एक वाक्य बोललो की पेन चालायचं, मी थांबलो की पेन थांबायचं. गाव गप्प होतं. माझ्यावर गाव हसतं, गप्प कधी बसत नाही.

मॅडमनी शेवटचं विचारलं, "आणि हे सगळं तुम्हाला इतकं नक्की कसं माहीत? तुम्ही तेव्हा कुठे होता?"

"कुठी म्हंजे? पान्यात," मी म्हणालो. "मीच शिकोलं ना तिले. चार वर्सं. रोज उडी मारो मी तिच्यासंग."

पेन चाललं. चिंतामण मागे खाकरला.

"आणि मुलीची आई?"

"ते काठावर उभी राहून रडे. बाईमानसाले कुठी पवता येते, बाई? तिनं तर कधी पान्यात पायबी नाही घातला."

मॅडमनी ते लिहिलं. खाली सहीसाठी रेघ मारली, कागद माझ्याकडे फिरवला आणि पेन पुढे केलं. मी पेन हातात घेतलं, तेव्हा सुवर्णा खिडकीपासून पुढे आली. तिने आपला पंजा त्या कागदावर ठेवला. आणि सत्तावीस वर्षांत तिच्या तोंडून गावाने जी बोली ऐकली नव्हती, त्या बोलीत, अख्ख्या पंचायतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ती म्हणाली,

"खोटं बोलून राह्यले हे. आबाले पवता येत नाही, मॅडम. आबा काठावर कासरा धरून बसले राहे. पान्यात माही माय होती."