सावळीचं ऐकू येणं

“वर बघ, सावळी. माझ्या बोटाकडं,” गोजर सिस्टर म्हणाल्या.

सावळीने कपाळाला आठ्या घालून प्रयत्न केला, पण पापण्या अर्ध्यावरच राहिल्या. पोट दुखतं म्हणून ती सकाळी डोळखांबच्या पाड्यावरून शहापूरच्या दवाखान्यात आली होती.

“झोप नाय झाली तिची,” नवरा बुधू म्हणाला.

“निजली कुठं होती?”

“भुईवर. आमी सगलेच.”

सिस्टरांनी तिला घोटभर पाणी दिलं. पाणी ओठाच्या कोपऱ्यातून परत आलं. त्यांनी नजर न हलवता हाक मारली, “डॉक्टर, लवकर या. मण्यार डसलेली वाटतेय.”

दंशाची खूण कुठेच सापडली नाही; मण्यारीची बहुधा दिसतही नाही. डॉक्टरांनी पापण्या पाहिल्या आणि लगेच विषावरची लस सुरू केली. तरी दुपारपर्यंत श्वास उथळ झाला. घशात नळी घातली. श्वासाचं मशीन ठाण्याला होतं. जीप दारात आणली.

स्ट्रेचर जीपपाशी आलं तेव्हा बुधू आडवा उभा राहिला. सावळीचे डोळे मिटलेले, हात लोंबकळत होते.

“मेली ती, सिस्टर. कशाला हाल करता? मी घरी नेतो तिला.”

गोजर सिस्टर श्वासाची रबरी पिशवी दाबत होत्या. “तिच्या पायाकडं बघ. सावळी, अंगठा हलव.”

काहीच झालं नाही. बुधू तिला उचलायला वाकला. सिस्टरांची नजर अंगठ्यावरच होती.

अंगठा जरासा हलला.

“परत हलव.”

परत हलला. बुधू मागे सरला. “हिला ऐकू येतं?”

“सगळं. विषानं अंग लुळं पडलंय, शुद्ध नाही गेली. तू आत्ता म्हणालास तेही.”

जीप हायवेला लागली. बुधू तिच्या कानाशी वाकला. “सावळे, मी तसं नाय गो म्हनलो...” मग तो गाभण शेळीचं सांगू लागला, गळक्या छपराचं, तिच्या भावाच्या लग्नाचं. अधूनमधून हलणारा तिचा अंगठा पडघ्याजवळ थांबला. बुधूने घाबरून वर पाहिलं.

“बोलत राहा,” सिस्टर म्हणाल्या. त्यांची नजर सावळीच्या छातीवरून ओठांकडे जात होती, परत छातीवर येत होती.

ठाण्याला मशीन लागलं. पुढे सावळी बरी होऊन आपल्या पायांनी पाड्यावर चढली; पण त्या संध्याकाळी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बुधू आणि सिस्टर दवाखान्यातल्या बाकावर बसले होते. बुधूने फडक्यातली नाचणीची भाकर सोडली, अर्धी पुढे केली. सिस्टरांनी हात पुढे केला, पण वाटभर पिशवी दाबून आखडलेली बोटं मिटेनात.

बुधूने ते पाहिलं. भाकरीचे बारीक तुकडे केले आणि एकेक त्यांच्या तळव्यावर ठेवत राहिला.