धाकट्या तलवारीची सही

वैदेहीने लाकडी हातोडीचा हलका ठोका दिला, तशी मुठीतली बांबूची खुंटी अर्धं बोट बाहेर आली. ती चिमटीत धरून तिने काढली आणि पांढऱ्या फडक्यावर ठेवली. मग आखूड तलवार डाव्या हातात उभी धरून उजव्या मुठीने स्वतःच्या मनगटावर ठोसा मारला. दुसऱ्या ठोशाला पातं मुठीतून सैल झालं.

“मोडंल ती,” बन्सीधर म्हणाले.

“नाही मोडत, काका. उघडायची रीतच अशी आहे.”

पिंगळी स्टेशनच्या मागल्या अंगाला कडूबाईचं पत्र्याचं घर होतं. सकाळचे दहा वाजले होते. बाजेवर सतरंजी आणि सतरंजीवर दोन जपानी तलवारी. लांब तलवार बन्सीधरांनी गंगाखेडजवळच्या आपल्या गावाहून चादरीत गुंडाळून आणली होती. आखूड कडूबाईने आतल्या कोठीमागून काढून दिली होती. सव्वीस वर्षांनी दोन्ही एका छपराखाली आल्या होत्या. कडूबाई बन्सीधरांच्या धाकट्या भावाची, भागवतची, बायको. थोरल्या दिराला तिने पाणी दिलं होतं आणि पदर सारखा करून दाराच्या चौकटीशी बसली होती. ते आल्यापासून ती त्यांच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

वैदेही हैदराबादच्या एका संग्रहालयात शस्त्रांच्या विभागात काम करायची. तिचे वडील दत्तोपंत गंगाखेडच्या शाळेत शिक्षक होते तेव्हापासून त्यांचा आणि बन्सीधरांचा घरोबा. ती सुट्टीला परभणीत आलीय कळल्यावर बन्सीधर पहिल्या एसटीने तिच्या घरी आले होते. शहात्तर वर्षांचा माणूस चप्पल न काढता उंबऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, “मला दुसरं काही नगं. मी बरोबर होतो का न्हाई, येवढंच सांग.”

बन्सीधरांचे वडील फौजेत सुभेदार होते. ब्रह्मदेशातली लढाई संपल्यावर एका जपानी अंमलदाराने शरण येताना या दोन्ही तलवारी त्यांच्या हाती दिल्या. एका माणसाची जोडी आहे, फोडू नका, असं ते मरेपर्यंत सांगत. दसऱ्याला दोन्ही एका पाटावर ठेवून पूजा व्हायची. वडील गेल्यावर लांब बन्सीधरांकडे आली, आखूड भागवतकडे. पण घर एकच होतं आणि पाटही.

मग एक वर्षी जुन्या हत्यारांचा कुणी शौकीन गावात आला. त्याने दोन्ही मुठी उघडून बघितल्या. लांब पात्याच्या शेपटावर, मुठीच्या आत, लोहाराची सही होती. आखूड पात्यावर काहीच नव्हतं. “ही जोडी नाही,” तो म्हणाला. “धाकटी कुठल्या तरी बाजारातली असेल.” त्या दसऱ्याला बन्सीधरांनी पाटावर एकच तलवार मांडली. भागवत आपली तलवार घेऊन दारात उभा होता.

पुढच्या दसऱ्याला त्याने चारचौघांत स्वतःच मूठ काढून पातं भावासमोर धरलं. शेपटावर अक्षरं होती, अगदी लांब तलवारीवर होती तशी. फक्त गंज काळा होता आणि अक्षरं आतून चमकत होती.

“बापाच्या नावावर लबाडी करायलास?” बन्सीधर म्हणाले होते. सगळ्या गावाने ते ऐकलं होतं.

भागवत त्याच दिवशी बायको आणि तान्ह्या निकिताला घेऊन सासुरवाडीला, पिंगळीला आला. सायकल दुरुस्तीचं दुकान घातलं. परत गावी गेला नाही. गेल्या फाल्गुनात परभणीच्या दवाखान्यात तो वारला. बन्सीधरांना आधी आजारपणाचा निरोप गेला, मग मातीचा. ते दोन्ही वेळा गेले नाहीत.

वैदेहीने तोंडावर रुमाल बांधला. श्वासातल्या ओलीनेही पात्याला डाग पडतो, असं तिने सांगितलं. आखूड पात्याचं शेपूट तिने खिडकीच्या उजेडात धरलं, भिंगातून पाहिलं. मग लांब तलवारही उघडली. दोन्ही शेपटं शेजारी ठेवून ती बराच वेळ बघत राहिली.

“ही आखूड पात्यावरची सही नवी आहे,” ती म्हणाली. “ही लिपी न येणाऱ्या माणसानं कोरलीय. रेघा उलट्या बाजूनं ओढल्यात.”

बन्सीधरांनी श्वास सोडला. मांडीवरचे हात सैल झाले.

“ऐकलं का?” ते म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. कडूबाईने मान वर केली नाही.

वैदेही मात्र थांबली नव्हती. दोन्ही तलवारींच्या मुठीपुढच्या लोखंडी चकत्या तिने काढून घेतल्या. चकत्यांना दोन्ही बाजूंनी तांब्याच्या पातळ पट्ट्या चिकटून बसल्या होत्या. त्या तिने लाकडी काडीने हळूहळू सोडवल्या. एवढं त्या शौकिनाने केलं नव्हतं. पट्ट्या पूर्वी कुणी उचकटल्याचा ओरखडाही नव्हता. मोठ्या चकतीवर बोरूचं बन होतं आणि वरून चार बदकं उडत होती. लहान चकतीवर तेच बन होतं आणि दोन बदकं. पट्टीखाली झाकलेल्या जागेत दोन्हीकडे मुंगीएवढ्या अक्षरांची एक ओळ होती.

ती पुन्हा भिंग घेऊन वाकली. मुठींवरचं माशाचं पांढरं खरखरीत कातडं पाहिलं, रेशमी दोऱ्याचे पीळ मोजले, चकतीचं भोक पात्याला कसं बसतंय ते दोनदा बसवून बघितलं. अर्धा तास गेला. बाहेर नांदेडकडची गाडी येऊन गेली. मग तिने रुमाल सोडला.

“काका, जोडी खरी आहे.”

“आत्ता तर म्हनलीस, सही खोटी.”

“सही खोटी आहे. जोडी खरी आहे.” तिने शब्द शोधले. “जपानात दोन्ही पाती एकाच लोहाराची असतील असं क्वचितच व्हायचं. एक आजोबाकडून आलेलं असेल, दुसरं मागून घेतलेलं. जोडी ठरते ती साजावरून. मूठ, चकती, दोरा, म्यानाचा रंग. एका मालकासाठी, एका हातानं, एका वेळी केलेला साज. हा तसाच आहे. दोन्ही चकत्यांवर एकाच कारागिराचं नाव आहे. आणि नंतर कुणी बदललेलं नाही. लोखंड जिथं लोखंडाला टेकतं, तिथला गंजसुद्धा जुळतोय.”

“मग धाकट्या पात्यावर सही का नव्हती?”

“हे पातं मुळात लांब असणार. आखूड करताना शेपटाकडून कापतात. सही कापलेल्या तुकड्यात जाते. अशी बिनसहीची जुनी पाती खूप सापडतात. ती काही खोट नाही.”

बन्सीधरांनी आखूड पात्याकडे बोट केलं.

“त्यानं हे कोरलंच नसतं तर?”

“तर माहितगार माणसानं बघताक्षणी सांगितलं असतं, की जोडी आहे. सहीची गरजच नव्हती, काका.”

कडूबाई पहिल्यांदा बोलली. बोलणं बन्सीधरांना होतं, पण नजर वैदेहीकडे.

“नऊ रात्री बसले होते हे. तुमच्या तलवारीवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून आनली होती, तुमी रानात गेल्तात तेव्हा. छिन्नी घसरून अंगठा फाटला. मी म्हनलं, कशाला करायलाव? म्हनले, दादाला अक्षरं पायजेत, मग देऊ की अक्षरं. आपल्याला पाटावर जागा मिळाली म्हंजे झालं.”

बन्सीधर बाजेच्या कडेला बसून होते. त्यांनी लांब तलवारीची मोकळी मूठ उचलली आणि तशीच धरून ठेवली.

“ही हितंच ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “दोन्ही एका जागी.”

“माझ्या घरात नगं,” कडूबाई म्हणाली. आवाज चढला नाही. “तुमी घेऊन जावा. तुमचा पाट मोठा हाय.”

वैदेही चकत्या पुसत राहिली. त्यांवर पुसायला आता काही उरलं नव्हतं.

“शेवटाला भागवत काही बोलला का?” बन्सीधरांनी विचारलं.

कडूबाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“दादाचा निरोप आला का म्हणायचे. दोन दिसांत चारदा इचारलं. दवाखान्यात शेजारच्या खाटेपाशी बसायची ती रेणुका मला म्हनली, सांग की आला म्हणून. जोडी खरी हाय म्हनलेत म्हणून सांग. काय जातंय तुझं? मानूस सुखानं जाईल. माझी जीभ उचलली न्हाई. मरत्या मानसापाशी लबाड कसं बोलावं म्हनलं. आयुष्यभर लबाड म्हनूनच जगले ते. म्हनून मी खरं तेच सांगितलं. न्हाई आला म्हनलं.”

बन्सीधरांनी हातातली मूठ सतरंजीवर ठेवली.

“मग भितीकडं तोंड केलं त्येनी,” कडूबाई म्हणाली. “दोन घंटे होते तसेच. मला वाटलं, दुःख झालं तरी लबाडी तरी न्हाई केली आपुन. सहा महिने ह्येच्यावरच दिस काढले मी.”

आता ती थेट थोरल्या दिराकडे बघत होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो तिने सावरला नाही.

“आन् जोडी तर खरीच होती की, भाऊजी,” ती म्हणाली. “मी नुसतं सांगायला पायजे होतं.”